जिवावर आलेली कामं हातावेगळी कशी करायची

ज्या घरात "उद्या बघू", "आज डोकंच चालत नाही" आणि "जरा बरं वाटलं की बसते" ही वाक्यं रोज ऐकू येतात, त्या घरासाठी हा लेख आहे. मी इंदूरला सुदामा नगरात राहते आणि घरूनच लोकांची कागदपत्रं, हिशेब, रिटर्न अशी कामं करते. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस शेवटच्या तारखेच्या आसपास येतो आणि अपराधी चेहऱ्याने येतो. मरगळीच्या अशा काळातून मीही गेले आहे, म्हणून तो चेहरा मला ओळखीचा आहे.

चालढकल करणारी माणसं आळशी असतात, हे मला मुळीच पटत नाही. जी बाई एक फॉर्म सहा महिने भरत नाही, तीच पितृपक्षात पंचवीस पानांचा स्वयंपाक एकहाती उरकते. जो मुलगा अभ्यासाला बसत नाही, तोच गणपतीत रात्र रात्र जागून मखर करतो. ताकद आहे, कष्टाची तयारीही आहे. अडतं ते एका ठरावीक कामाला पहिला हात लावताना. तो पहिला हात कसा लागेल, एवढंच इथे क्रमाने सांगते.

आधी एवढं जमवा

- एक साधी वही. घरात पडलेली, अर्धी वापरलेली चालेल.
- स्वयंपाकघरातला टायमर किंवा गजराचं घड्याळ. फोनवर वेळ लावू नका. वेळ लावायला फोन हातात घेतला की तो हातातच राहतो.
- कागदांसाठी एक फाईल: आधार, पॅन, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकार देतं तो ओळख क्रमांक), पासबुक, संपत्तीकराची मागची पावती, दोन-चार फोटो, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. निम्मी कामं "ती झेरॉक्स कुठे ठेवली" इथेच खोळंबतात.
- मागच्या वर्षभरातले रक्ततपासणीचे रिपोर्ट असतील तर तेही. ते का लागतील, हे दुसऱ्या पायरीत सांगते.

नवीन डायरी, रंगीत पेनं, कामांची यादी करायचं ॲप, यातलं काहीही आणू नका. नमनाला घडाभर तेल जाळायची सवय इथूनच सुरू होते. वही सजवण्यात रविवार जातो आणि काम तिथेच राहतं.

१. टाळाटाळ आहे की सुस्ती, ते ओळखा

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: माणूस बसलेला आहे आणि काम पडलेलं आहे. पण उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून ही पायरी गाळू नका.

टाळाटाळ निवडक असते. आयकराची फाईल समोर आली की अचानक मसाल्याचे डबे पुसावेसे वाटतात, भावाला फोन करावासा वाटतो, आणि ती कामं तुम्ही उत्साहाने करताही. म्हणजे अंगात जोर आहे, फक्त त्या एका कामाला नाही.

सुस्ती मात्र सगळ्यावर पसरते. आवडीच्या गोष्टीही जड होतात. सानंद या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकाचं तिकीट हातात असून जावंसं वाटत नाही, वाचायला घेतलेलं पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, दुपारी चारला डोळे मिटतात. इथे मनाला दामटून उपयोग नाही.

तीन-चार दिवस वहीत फक्त एवढंच लिहा: कोणत्या वेळी, कोणतं काम टाळलं, आणि त्या वेळेत त्याऐवजी काय केलं. "त्याऐवजी"च्या रकान्यात दुसरी कामं दिसली तर टाळाटाळ. "पडून राहिले", "फोन बघत बसलो, काय बघितलं आठवत नाही" असं दिसलं तर सुस्ती. बऱ्याच जणांत दोन्ही निघतात. तसं असेल तर आधी सुस्तीकडे बघा.

२. शरीराचा हिशेब आधी चुकता करा

झोपेपासून सुरुवात करा. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. आपल्या शहराला रात्री जागायची हौस आहे. जेवणं उशिरा, मग पाहुणे आले म्हणून सराफ्याला चक्कर, बारा वाजता भुट्ट्याचा कीस आणि वर जिलबी. कधीतरी हे झालंच पाहिजे, त्यात इंदूरचं सुख आहे. पण आठवड्यात तीनदा असं झालं आणि सकाळी साडेपाचला मुलांचा डबा करायचा असेल, तर दुपारी डोकं चालत नाही याचं कारण शोधायला लांब जायला नको.

चहाचंही बघा. चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्तही. संध्याकाळी सातचा कडक चहा रात्री बारालाही अर्धा शिल्लक असतो. झोप लागली तरी ती उथळ लागते, सकाळ जड जाते, आणि तो जडपणा घालवायला पुन्हा चहा. दुपारी तीननंतरचा चहा दोन आठवडे बंद करून बघा. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखू शकतं, त्याला घाबरू नका.

दुपारची डुलकी वीस मिनिटांची असावी. तास-दीड तास गाढ झोपून उठलं की जो बधिरपणा राहतो, तो जायला कधी कधी आणखी अर्धा तास लागतो आणि दुपार हातातून जाते. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना पंखा लावून झोपायचा मोह मला समजतो. गजर लावून झोपा.

सकाळचा उजेड अंगावर घ्या. लालबाग, मेघदूत, नेहरू पार्क, पिपल्यापाल्याचं रीजनल पार्क, जे जवळ असेल तिथे वीस मिनिटं चाला. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते. बागेपर्यंत जाणं होत नसेल तर गच्चीवर फिरा.

एवढं करूनही मरगळ जात नसेल तर तपासणी करून घ्या. हे मी फार आग्रहाने सांगते आहे, कारण आपल्याकडे बायकांचा थकवा "घरातल्या कामाने होतं तसं" म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ च्या आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर दम लागणं, चक्कर, लक्ष न लागणं हे सगळं होतं. जोडीला थायरॉईडसाठी टीएसएच आणि व्हिटॅमिन बी-१२ बघायला सांगा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते आणि तिने विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या असले त्रास होतात. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

दोन गोष्टी डॉक्टरांना न विसरता सांगा. सर्दी-ॲलर्जीची गोळी रोज घेत असाल तर ते सांगा, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते. आणि रात्री मोठ्याने घोरत असाल, मध्येच श्वास अडकून जाग येत असेल, तर तेही. आठ तास झोपूनही थकवा राहण्याचं ते एक मोठं कारण असतं.

३. काम का जिवावर येतं, त्याचं खरं कारण लिहा

सुस्ती बाजूला काढली की उरते ती टाळाटाळ. फुशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं की माणूस काम टाळतो ते वेळेचं गणित येत नाही म्हणून नव्हे, तर काम समोर आल्यावर मनात जी नकोशी भावना उठते तिच्यापासून सुटका हवी असते म्हणून. "उद्या करू" म्हटलं की त्या क्षणी खरंच हलकं वाटतं. तो हलकेपणा इतका चटकन मिळतो की मन पुन्हा पुन्हा तोच रस्ता धरतं, आणि त्याची किंमत चुकवायला उद्याचे आपण असतोच.

माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत. त्यांचे यजमान वारले, बँकेत खातं आणि दोन मुदतठेवी, नॉमिनी काकूच. काम म्हटलं तर सोपं. पण पासबुकं कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच होती. मुलगा फोनवर रोज विचारायचा, "आई, बँकेत गेलीस का?" आणि त्या रोज काहीतरी कारण सांगायच्या. कधी पाय दुखतो, कधी बँकेत गर्दी असते. सगळ्यांनी धरून चाललं होतं की काकू कंटाळा करतात.

एक दिवस त्या पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या, समोर ठेवली, पण उघडेनात. मी म्हटलं, "काकू, मी उघडू का?" तर म्हणाल्या, "उघड बाई तूच. मी पासबुक काढलं की आत त्यांची सही दिसते. मग मला पुढचं काही सुचत नाही."

यात आळस कुठे आहे? तिथे नुसता बँकेचा फॉर्म नव्हता, दुःख होतं. आम्ही काम असं वाटून घेतलं: पासबुकं उघडून आकडे आणि खाते क्रमांक उतरवायचं काम माझं, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायचं काम पुतण्याचं, आणि काकूंकडे फक्त आपलं आधार-पॅन आणणं आणि क्लेम फॉर्मवर सह्या. बँकेत जाताना पुतण्या बरोबर होता. जे काम दीड वर्ष हललं नव्हतं, ते पुढच्या पंधरवड्यात झालं. (कोणाच्या घरी असंच काही राहिलं असेल तर घाबरू नका. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारसाला त्या आपल्या बँकेमार्फत परत मागता येतात. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, तिथे नावाने अशा ठेवी शोधता येतात.)

म्हणून वहीत प्रत्येक रखडलेल्या कामासमोर एका शब्दात भावना लिहा. भीती, कंटाळा, लाज, दुःख, की नुसता गोंधळ? औषध त्यावर ठरतं:

- गोंधळ असेल, म्हणजे नेमकं करायचं काय हेच माहीत नसेल, तर पहिलं काम म्हणजे एका जाणत्या माणसाला फोन. बहुतेक सरकारी कामं इथेच अडकलेली असतात.
- भीती असेल, रिपोर्ट वाईट आला तर, साहेब रागावले तर, तर बरोबर कोणाला तरी न्या. भीती एकटेपणात वाढते.
- लाज असेल, "इतक्या उशिरा कसं जायचं" म्हणून, तर समोरच्या बाईला रोज असे वीस लोक भेटतात हे लक्षात ठेवा. तुमचा उशीर तिच्या लक्षातही राहणार नाही.
- कंटाळा असेल तर सहावी पायरी बघा.
- दुःख असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या किंवा वाटून घ्या, आणि घाई करू नका.

४. डोक्यातलं सगळं वहीत उतरवा

अर्धवट राहिलेली कामं मनात टोचत राहतात, हे ब्लुमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ मध्येच दाखवलं होतं. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या प्रयोगांत असं दिसलं की काम पूर्ण करायची गरज नसते. ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत लिहिला तरी टोचणी बरीच कमी होते. डोकं जड वाटण्यामागे बऱ्याचदा हेच असतं: पंधरा-वीस कामं एकाच वेळी आठवणीत धरून ठेवलेली.

एका बैठकीत सगळं लिहा. नळ दुरुस्ती, दाताचा डॉक्टर, मामींना फोन, गॅसचं केवायसी, मुलाच्या प्रवेशाची फी, घराचं नामांतरण, सगळं. मग प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण करा: मी करणार, दुसऱ्याला देणार, सोडून देणार.

तिसरी खूण करायला कचरू नका. "इंग्रजी बोलायचा कोर्स" तीन वर्षं यादीत असेल आणि त्यावाचून काही अडलं नसेल तर खोडून टाका. यादीतली मेलेली कामं जिवंत कामांचा जीव घेतात.

आणि काम क्रियापदाने लिहा. "बँक" हे काम नाही, "दाताचं" हे काम नाही. "पासबुक कपाटातून काढून टेबलावर ठेवणे", "दवाखान्यात फोन करून शनिवारची वेळ घेणे" हे काम. लिहिलेलं वाचून हात कुठे जायला हवा हे कळलं पाहिजे.

५. वेळ, जागा आणि पहिली हालचाल ठरवा

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. जलूदहून, सत्तरएक किलोमीटरवरून चढवून आणलेलं. कितीही आळशी म्हटला जाणारा माणूस असो, पाणी भरायचं काम कोणी टाळताना पाहिलं आहे का? कोणाला त्यासाठी उत्साह लागत नाही, मूड लागत नाही. कारण तिथे सगळं ठरलेलं आहे: नळ कधी येणार, कुठे उभं राहायचं, पहिला हात कशाला लावायचा, आणि नाही भरलं तर काय होणार. विचार करायला जागाच नाही. आपल्या रखडलेल्या कामांना नेमकं हेच द्यायचं आहे.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. "मी हे करीन" असा नुसता निश्चय आणि "अमुक झालं की तमुक करीन" अशी बांधलेली योजना यांत फार फरक पडतो. दुसऱ्या प्रकारची माणसं काम तडीला नेण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त असते. कारण ठरवायचं काम आधीच झालेलं असतं, त्या क्षणी फक्त करायचं उरतं.

तेव्हा वाक्य असं बांधा:

"सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं, ओला-सुका कचरा टाकून आत आले, की हात धुऊन लगेच जेवणाच्या टेबलावर बसून रिटर्नची फाईल उघडीन."

कचरागाडी आमच्या शहरात रोज सकाळी येते, चुकत नाही. तिच्यासाठी तुम्ही उठताच, बाहेर जाताच. त्या उठण्याला काम जोडून द्या. अशा ठरलेल्या खुणा प्रत्येक घरात असतात: पूजा आटोपणं, शाळेची बस जाणं, दुपारची भांडी होणं, संध्याकाळचा दिवा लावणं.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे "सकाळी करीन" असं लिहिणं. सकाळ सहापासून अकरापर्यंत असते आणि त्यात काम हरवतं. दुसरं म्हणजे पहिली हालचाल मोठी ठेवणं. "रिटर्न भरीन" ही पहिली हालचाल नाही, "फाईल उघडीन" ही आहे. तुम्हाला वाटेल, फाईल उघडून काय होणार? उघडून बघा. समोर कागद आले की नकोशी भावना बहुतेक वेळा पाच-सात मिनिटांत निवते.

६. थोडा वेळ, पण पूर्ण वेळ

फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास करायची पद्धत बसवली: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. ती पुढे जगभर पसरली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र पंचवीसने सुरू करू नये असं माझं मत आहे. दहा मिनिटं लावा. दहा मिनिटांना कोणाचंही मन नाही म्हणत नाही. घंटा वाजल्यावर पुढे चालू ठेवावंसं वाटलं तर ठेवा, नाही तर निर्धास्त उठा. ठरवलेलं झालं आहे.

त्या दहा मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर पालथा ठेवलेला फोनही चालत नाही, हात जातोच. पाच मिनिटांच्या विश्रांतीतही फोन नको. पाणी प्या, गॅलरीत उभे राहा.

७. मुदत तोडा आणि कोणाला तरी सांगा

डॅन अॅरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना सत्राच्या शेवटी सगळं एकदम द्यायची मोकळीक होती, त्यांच्यापेक्षा ज्यांना समान अंतराने मुदती होत्या त्यांचं काम चांगलं झालं. स्वतः मुदत घालून घेणंही उपयोगी ठरलं, पण लोक ती फारशी योग्य जागी घालत नाहीत.

आयकराचंच घ्या. पगारदार आणि पेन्शनर मंडळींची मुदत साधारणपणे ३१ जुलै. ती चुकली तर ५,००० रुपये विलंब शुल्क, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी जुलैचा शेवटचा आठवडा माझ्या दारात चपलांचा ढीग असतो. उपाय साधा आहे: ३० जूनपर्यंत फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) आणि बँकेचे व्याजाचे दाखले फाईलमध्ये, ७ जुलैपर्यंत आकडे तपासून, १५ ला भरून मोकळं.

मुदत एका माणसाला सांगा. एकालाच, दहांना सांगितलं की सांगण्यातच समाधान होतं. आणि तो माणूस रागावणारा नको. "झालं का?" एवढंच विचारेल आणि "नाही" म्हटलं तर "बरं, मग कधी?" म्हणेल असा. नवराबायकोने एकमेकांना हे काम शक्यतो देऊ नये. त्यात जुने हिशेब निघतात.

अभ्यास करणाऱ्यांनी एकट्याने खोलीत बसण्यापेक्षा दुसरे लोक वाचत बसलेले असतील तिथे जावं. भंवरकुआंच्या आसपास राहून एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी आपली पुष्कळ मुलं वाचनालयात जागा घेतात, त्यामागे हेच आहे. शेजारचा माणूस पान उलटतो म्हणून आपणही उलटतो. घरातल्या कामांनाही हे लागू पडतं: मैत्रिणीला बोलवा, ती तिचे कागद आवरेल, तुम्ही तुमचे.

८. खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई येते, पाहुणे येतात, आजारपण येतं. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसही लागतील असं दिसलं, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे सांगितलं जातं, ते मनातून काढून टाका. त्यापायी लोक बाविसाव्या दिवशी हताश होतात.

स्वतःला बोल लावू नका. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरच्या २०१० च्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या अभ्यासात कमी टाळाटाळ केली. कारण उघड आहे. अपराधीपणा ही आणखी एक नकोशी भावना, आणि ती त्याच कामाला चिकटते. मग फाईल आधीपेक्षा जड होते.

घरच्यांसाठीही हेच सांगते. मुलाला चारचौघांत "हा आमचा आळशी" म्हणणं बंद करा. "कुठे अडलंय, बघू" असं विचारा.

आणि पुन्हा सुरुवात करायला सोमवार, पहिली तारीख किंवा पाडवा शोधू नका. कचरागाडी उद्याही येणार आहे.

९. याने भागणार नाही अशी वेळ

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, आपला कोणाला उपयोग नाही असं वाटतं, तर वही-टायमर बाजूला ठेवा. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. इंदूरमध्ये बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. जीव नकोसा वाटत असेल तर उद्यावर टाकू नका. आत्ता फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून घ्या.

लहानपणापासूनच कुठल्याही कामात लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, वेळ कळत नाही असं असेल, तर तेही मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मोठ्या वयातही त्याचं निदान होतं आणि उपचाराने फरक पडतो.

पहिला आठवडा असा काढा

पहिले तीन दिवस फक्त नोंद ठेवा, काही बदलू नका. चौथ्या दिवशी सगळी यादी उतरवा आणि तीन खुणा करा. "मी करणार" मधून एकच काम निवडा, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं नसलं तरी चालेल. मी तर म्हणेन, मध्यम निवडा. सगळ्यात अवघड कामापासून सुरुवात करा असं सांगणारे पुष्कळ आहेत. नव्या माणसाला तो सल्ला झेपत नाही आणि आरंभशूर म्हणून आणखी एक शिक्का बसतो.

पाचव्या आणि सहाव्या दिवशी ठरलेल्या खुणेला, ठरलेल्या जागी, दहा मिनिटं. सातव्या दिवशी वही उघडून बघा काय हललं. हललं नसेल तर पहिली हालचाल आणखी लहान करा किंवा खूण बदला. दोन बदल करूनही काम जागचं हलत नसेल, तर तिसऱ्या पायरीवर लिहिलेली भावना पुन्हा वाचा. बहुधा तिथे "कंटाळा" लिहिलेलं असतं आणि खरं कारण भीती असते.

घरात पेन्शनर असतील तर ऑक्टोबरच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा: हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा. केंद्र सरकारच्या पेन्शनरांचं वय ऐंशी किंवा त्याहून जास्त असेल तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. लागणारी कागदपत्रं म्हणजे आधार, पेन्शनचा पीपीओ क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक आणि मोबाईल क्रमांक. चारही गोष्टी आज त्या फाईलमध्ये टाका.